आंबा, कार्बाइड आणि आर्द्रा

मे महिन्यात कोकणचा हापूस बोरघाट चढून लोणावळ्याच्या बाजारात दाटीने दिसू लागतो. अनेक श्वेतांबर जैन घरांत आर्द्रा नक्षत्र लागल्यावर, म्हणजे सुमारे २२ जूननंतर, आंबा वर्ज्य मानतात. मावळात तोवर पावसाचीही चाहूल लागलेली असते. त्यापूर्वी पिकलेला आंबा हवा, ही घाई ग्राहकास असते. आणि त्या घाईचा लाभ उठविणारा कार्बाइडकडे वळतो.

या कार्बाइडचे रहस्य आम्लतेत आहे. आम्ल म्हणजे प्रोटॉन देऊ शकणारा पदार्थ. केवळ कार्बन व हायड्रोजन यांनी बनलेले हायड्रोकार्बनही हे दान करतात, परंतु अत्यंत कृपणपणे. आम्लता मोजण्याच्या पीकेए या मापात अंक जितका लहान तितके आम्ल प्रबळ, आणि एका अंकाचा फरक दहापटीचा. इथेनचा अंक सुमारे ५०, इथिलीनचा ४४, अॅसिटिलीनचा २५ आणि पाण्याचा सुमारे १६. अॅसिटिलीनमध्ये दोन कार्बन तिहेरी बंधाने जोडलेले असतात. तेथील इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या अधिक निकट असल्याने, प्रोटॉन गेल्यावर उरलेला ऋणभार सांभाळणे त्यास सुलभ जाते.

कॅल्शियम कार्बाइड हा याच अॅसिटिलीनचा क्षार होय. पाणी अॅसिटिलीनहून प्रबळ आम्ल असल्यामुळे ते कार्बाइडला आपला प्रोटॉन देते. अॅसिटिलीन वायू मुक्त होतो आणि विरलेला चुना उरतो. जुने कार्बाइडचे दिवे याच क्रियेवर जळत. बंद पेटीत फळांचा ओलावाच त्यासाठी पुरतो.

फळ स्वभावतः इथिलीनमुळे पिकते. अॅसिटिलीन त्याची केवळ नक्कल करतो. साल पिवळी होते, गर मात्र कच्चा राहू शकतो. शिवाय बाजारी कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असतात आणि त्यांपासून विषारी वायू निघतात. म्हणूनच २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी कार्बाइडने पिकविलेल्या फळांच्या विक्रीस बंदी घातली. इथिलीन वायूस मात्र दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत अनुमती आहे.

घरच्या पेंढ्यातील अढीत आंबा स्वतःच्याच इथिलीनने पिकतो. आर्द्रेची तिथी पंचांगात आधीच छापलेली असते; आठ-दहा दिवस अगोदर कच्चा, परंतु पूर्ण वाढलेला आंबा आणून अढी घातली, तर नियमही पाळला जातो आणि आरोग्यही जपले जाते. भक्ष्याभक्ष्यविवेकात फळाइतकाच ते पिकविण्याच्या रीतीचाही विचार हवा.