घरकुल मंजूर, पण जागा कुठे?

खुटबाव हे पुणे–दौंड रेल्वेमार्गावरचं गाव. पुण्यात नाव ऐकताच भाड्याचं घर नाकारलं गेलेल्या आपल्या तरुणाला, रोज गाडीने ये-जा करून गावातच स्वतःचं घर बांधावं, हे साहजिकच वाटतं.

अडचण जागेची आहे. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये सपाट भागात घरासाठी 1 लाख 20 हजार रुपये मिळतात, तेही पायाखाली स्वतःची जागा असेल तर. भूमिहीनाला 500 चौरस फूट जागा घ्यायला राज्य सरकार 1 लाखापर्यंत मदत देतं. म्हणजे अर्धा गुंठाही नाही! एवढ्यात स्टेशनजवळ कोण जागा देईल? वर 1947 चा तुकडेबंदी कायदा. घरकुलापुरती त्यात सूट आहे, पण जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते.

आमच्या मते खरी मागणी गावठाण वाढवण्याची हवी. जमीन महसूल संहितेच्या कलम 122 नुसार गावठाणाची हद्द जिल्हाधिकारी ठरवतात. ग्रामसभेचा ठराव असेल तर मागणीला वजन येतं. घरांची चर्चा आपल्या मोहल्ल्यात रोज होते, ग्रामसभेच्या नोंदवहीत मात्र क्वचितच उतरते. पुढच्या सभेला लेखी अर्ज घेऊन जा, आई-बहिणींनाही न्या, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नका.