गोष्टीचं शेवटचं पान मुलांपासून लपवू नका



आज माझ्या एका चुकीबद्दल लिहितेय. वर्गात किंवा घरी मुलांना गोष्टी वाचून दाखवणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी ती केली असेल, असं मला वाटतं.

माझ्याकडे तिसरीचा वर्ग आहे. एकदा वाचन कोपऱ्यातलं एक चित्रांचं पुस्तक मी मुलांना वाचून दाखवत होते. घरातला कुत्रा आणि त्याच घरातली मुलगी यांच्या दोस्तीची गोष्ट. दोघं बरोबर वाढतात, पण मुलगी मोठी होईपर्यंत कुत्रा म्हातारा होतो आणि शेवटी मरतो. मुलं गोष्टीत इतकी रंगली होती की मला ते वाचवेना. मी शेवटची दोन पानं एकदम उलटली आणि "मग ती दोघं खूप वर्षं आनंदात राहिली" असं सांगून पुस्तक मिटलं.

मधल्या सुट्टीत एका मुलाने तेच पुस्तक काढून स्वतः वाचलं. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "बाई, तुम्ही खोटं सांगितलं. तो मरतोय की." मी काहीतरी सारवासारव केली. तो जरा वेळ तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "आमचा मोत्या पण मेलाय. आई म्हणते मामाच्या गावाला गेलाय. पण मी बघितलंय, पप्पांनी त्याला बांधाकडेला पुरलं."

आठ वर्षांचं पोर, आणि एवढी गोष्ट एकटंच मनात घेऊन फिरत होतं. आई खोटं बोलली, आता बाईही बोलल्या. मग त्याने रडायचं तरी कोणाजवळ?

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला सांगितलं की काल माझं चुकलं, मी गोष्ट पूर्ण वाचली नव्हती. मग पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. दोन-तीन मुलं रडली. मीही गहिवरले. त्यानंतर जे झालं, ते माझ्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत फार कमी वेळा झालंय. एकेक मूल उठून बोलायला लागलं. कोणाची कोंबडी मुंगसाने नेली होती, कोणाचा पोपट उडून गेला होता. एरवी एका वाक्यात उत्तर देणारी एक मुलगी म्हणाली, "आमची शेळी बाजारात विकली. तिचं करडू दुसऱ्याच माणसाने नेलं. त्या पैशात माझं दप्तर आणलं." वर्ग शांत झाला. ती पुढे म्हणाली, "मला दप्तर नको होतं असं नाही. पण शेळी पण पाहिजे होती."

त्या दिवसापासून माझं मत पक्कं झालंय. पाळीव प्राण्यांच्या गोष्टी मुलांना जरूर द्या, पण त्यांतलं दुःख कापून देऊ नका. बहुतेक मुलांच्या आयुष्यात जवळचं कोणी जाण्याचा पहिला अनुभव प्राण्याचाच असतो. आजी-आजोबांच्याही आधी कुत्रा, मांजर, वासरू जातं. ते दुःख समजून घ्यायला गोष्टीसारखी दुसरी जागा नाही. कारण तिथे मूल दुसऱ्याच्या कुत्र्यासाठी रडता रडता स्वतःच्या मोत्यासाठीही रडून घेतं.

आपल्या चांगल्या लेखकांनी मुलांपासून हे कधी लपवलं नाही. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मध्ये मोरी गायीचं प्रकरण आहे. ती घरातलंच माणूस असल्यासारखी येते आणि आजारी पडून जाते. आमच्या पिढीला पाठ्यपुस्तकात 'सोनाली' हा पाठ होता. चाळीसगावच्या डॉ. पूर्णपात्रे यांनी घरी वाढवलेली सिंहीण सोनाली आणि त्यांची कुत्री रूपाली यांची दोस्ती तुम्हालाही आठवत असेल. शेवटी सोनालीला पुण्याच्या पेशवे पार्कात ठेवावं लागलं. त्यात मरण नाही, पण ताटातूट आहे. आज इतक्या वर्षांनी त्या पाठाखालचा स्वाध्याय मला आठवत नाही, ताटातूट मात्र आठवते.

आणि आपल्या सगळ्या शिक्षकांचं लाडकं 'तोत्तोचान'! त्यातली तोमोई शाळा आपण प्रत्येक प्रशिक्षणात ऐकतो. पण जत्रेत हट्ट करून घेतलेली कोंबडीची पिल्लं आठवतात का? ती जगणार नाहीत असं आई-वडील आधीच सांगतात, तरी तोत्तोचान हट्ट सोडत नाही. पिल्लं थोड्याच दिवसांत मरतात. तिचा रॉकी कुत्राही पुढे तिला कायमचा अंतरतो. तोत्तोचानच्या आनंदी शाळेच्या पुस्तकातसुद्धा ही दुःखं आहेत, आणि त्यामुळे ते पुस्तक खोटं वाटत नाही. ई. बी. व्हाइट यांच्या 1952 सालच्या 'शार्लट्स वेब'मध्ये विल्बर नावाच्या डुकराच्या पिल्लाचा जीव वाचवणारी शार्लट कोळीण शेवटी मरतेच. तरी जगभरातली मुलं ते पुस्तक आवडीने वाचतात.

याचा अर्थ सगळ्याच गोष्टी रडवणाऱ्या असाव्यात असा नाही. प्रेमचंदांच्या 'दो बैलों की कथा'मधले हीरा-मोती शेवटी झुरीच्या घरी परत येतात, आणि ते ऐकताना मुलं टाळ्या वाजवतात. तशा गोष्टीही हव्यातच. फक्त ज्या गोष्टीत बैल परत येत नाही, तिथे आपण त्याला ओढून परत आणू नये.

एका पालकांनी मला शाळेत येऊन विचारलं होतं, "बाई, लेकराला रडवता कशाला?" प्रश्न रास्त आहे. मी त्यांना एवढंच म्हटलं, "दादा, गोष्टीने त्याला रडवलं नाही. रडू आधीच आत होतं." पण पथ्यं पाळायलाच हवीत. माझी काही पथ्यं सांगते.

पुस्तक आधी स्वतः पूर्ण वाचा. शेवट माहीत नसताना वर्गात सुरू करू नका, मीही एकदा अशीच फसले आहे.

अशी गोष्ट शेवटच्या तासाला घेऊ नका. मुलं तशीच दप्तर उचलून घरी जातात. पहिल्या-दुसऱ्या तासाला घ्या, म्हणजे बोलायला वेळ मिळतो. घरी वाचत असाल तर झोपायच्या आधी नको.

वाचून झाल्यावर लगेच "या गोष्टीतून काय बोध घ्याल?" असं विचारू नका. थोडं थांबा. मग "तुमच्याकडे कोण होतं?" एवढंच विचारा. ज्याला बोलायचं नसेल त्याला चित्र काढू द्या.

त्याच आठवड्यात 'माझा आवडता प्राणी' हा निबंध द्या. "कुत्रा हा इमानी प्राणी आहे. त्याला चार पाय असतात" हे वाक्य न सांगताही गायब होतं, असा माझा अनुभव आहे. त्या मोत्यावाल्या मुलाने लिहिलं होतं, "तो माझ्या पायावर डोकं ठेवून झोपायचा. माझ्या पायाला मुंग्या यायच्या, पण मी पाय हलवत नव्हतो." व्याकरणाचे गुण मी नंतर बघितले.

आणि एक सावधगिरी. कुत्र्याची गोष्ट ऐकून मुलं रस्त्यावरच्या कोणत्याही कुत्र्याला मिठी मारायला धावतात. म्हणून त्याच दिवशी सांगा: अनोळखी, खात असलेल्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्र्याला हात लावायचा नाही. चावलं किंवा ओरखडलं तर लपवायचं नाही. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखान्यात जाऊन लस घ्यायची. मार मिळेल या भीतीने मुलं चावा लपवतात आणि तेच जीवघेणं ठरतं. घरात खरं बोलायची सवय असेल, तर मूल हेही खरं सांगेल.

पालकहो, तुम्हाला एवढीच विनंती आहे. घरातला प्राणी गेला तर "मामाच्या गावाला गेला" असं सांगू नका. विकावा लागला तर का विकला ते सांगा. घरची अडचण मुलांना आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त कळते. पुरताना मुलाला यायचं असेल तर येऊ द्या, एखादं फूल ठेवू द्या.

मोत्याची आई नंतर मला भेटली. म्हणाली, "बाई, आम्हाला वाटलं त्याला माहीतच नाही." मग एका संध्याकाळी ती त्याला घेऊन बांधावर गेली होती. तिथे काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. पण आता तो मुलगा मोत्याचं नाव वर्गात मोकळेपणाने घेतो.