पेढी सुटली, तरी माणसे सुटू नयेत

कर्ता मुलगा गादीवर बसला की वडिलांकडील तिजोरीची किल्ली जाते. तिच्यामागोमाग गिऱ्हाईक, दलाल, हमाल यांच्याशी होणारे दिवसभराचे बोलणेही जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये सक्रिय वार्धक्याचे तीन आधार सांगितले : आरोग्य, सहभाग आणि सुरक्षितता. औषधपाणी आणि ठेवी यांची तजवीज व्यापारी कुटुंबे चोख करतात. सहभागाचा रकाना मात्र कोरा राहतो.

समवयस्कांसह केलेला प्रवास तो भरू शकतो. महाराष्ट्रात ७५ वर्षांवरील नागरिकांना २०२२ पासून एसटीचा प्रवास विनामूल्य आहे. ६५ ते ७५ वयोगटास निम्मे भाडे पडते. मात्र मुलांनी सारे ठरवून आईवडिलांना गाडीत बसवून देणे म्हणजे सहभाग नव्हे. स्थळ ज्येष्ठांनीच निवडावे. एकाने जमाखर्च लिहावा, दुसऱ्याने मुक्कामाची चौकशी करावी, तिसऱ्याने औषधांची पेटी सांभाळावी. ज्याच्याकडे काम असते, त्याची चार माणसे वाट पाहतात. त्यासाठी तो सकाळी उत्साहाने उठतो. दिवाळीचे हिशेब आटोपल्यावर दोन दिवसांच्या लहान सहलीने आरंभ करावा. मुलांनी खर्च जरूर द्यावा. बेत मात्र आईवडिलांच्याच हाती राहू द्यावा.