थोरलाही अजून लहानच आहे

घरात दुसरे बाळ येते तेव्हा साऱ्या घराचे लक्ष पाळण्याकडे वळते. बाळाच्या कानात अजान दिली जाते, सातव्या दिवशी अकीका होतो, पाहुण्यांची ये-जा सुरू राहते. या गडबडीत दोन-अडीच वर्षांचे एक मूल दाराशी उभे राहून सारे पाहत असते. कालपर्यंत घरात सर्वांत लहान तेच होते. आज जो तो त्याला सांगतो, ‘‘आता तू मोठा झालास.’’ पण एका रात्रीत कोणी मोठे होत नाही.

मग ते पुन्हा अंथरूण ओले करू लागते. हाताने जेवणारे मूल भरवून मागते, अम्मीच्या अंगावर पिण्याचा हट्ट धरते, रात्री दचकून उठते, बाळाला चिमटा काढते. आपण याला खोड्या म्हणतो, कधी नजर लागली म्हणतो. आमच्या मते याचे खरे नाव भीती आहे. आपली जागा गेली की काय, हे त्याला विचारायचे असते आणि त्यासाठी त्याच्याजवळ शब्द नसतात.

ही भीती वाढवण्याचे काम बहुधा मोठी माणसेच करतात. ‘‘आता तुझे लाड बंद,’’ ‘‘अम्मी आता बाळाची झाली,’’ असे कोणी हसत हसत बोलून जाते. मोठ्यांसाठी ती थट्टा असते, मुलासाठी ती खबर असते. घरी येणाऱ्या खाला, फूफी, शेजारणी यांना आपण नम्रपणे पण स्पष्टपणे थांबवले पाहिजे.

भावंडांतील ही सल जुनी आहे. यूसुफ आणि त्याचा भाऊ वडिलांना आपल्यापेक्षा अधिक प्रिय आहेत, असे हजरत यूसुफ (अ.) यांच्या भावांना वाटले आणि गोष्ट विहिरीपर्यंत गेली. हजरत याकूब (अ.) यांच्यासारख्या पैगंबरांच्या घरात असे घडले, तर आपण बेफिकीर कसे राहावे?

प्रेषित मुहम्मद (स.) यांचे नातू हजरत हसन (रजि.) हिजरी ३ मध्ये आणि हजरत हुसैन (रजि.) हिजरी ४ मध्ये जन्मले. दोघांत अंतर जेमतेम वर्षाचे. हदीसमध्ये येते की प्रेषित (स.) खुतबा देत असताना लाल सदरे घातलेली ही दोन्ही मुले अडखळत, पडत-उठत आली. प्रेषित (स.) मिंबरवरून उतरले आणि त्यांनी दोघांनाही उचलून आपल्यासमोर बसवले. थोरल्याला ‘तू मोठा आहेस, चालत ये’ असे सांगितले गेले नाही. एकदा नातू पाठीवर बसला म्हणून त्यांनी सजदा लांबवला. मुलाची हौस पुरी होण्याआधी घाई करणे त्यांना आवडले नाही. आपल्या घरी मात्र थोरल्याच्या वाट्याला दिवसभर घाईच येते.

मुलांमध्ये न्याय करा, ही प्रेषितांची (स.) शिकवण सर्वांना ठाऊक आहे. न्याय म्हणजे मोजून सारखा वेळ नव्हे. तान्ह्या बाळाला दर दोन-तीन तासांनी दूध लागते, त्याला इलाज नाही. पण थोरल्याला दिवसातून पंधरा मिनिटे अशी द्या की त्या वेळी मांडीवर बाळ नसेल आणि हातात मोबाइल नसेल. ही वेळ रोज एकच ठेवा. उद्याही ती येणार, ही खात्री त्याला खेळण्यापेक्षा मोठा आधार देते.

दोघे एकदम रडू लागले आणि बाळ भुकेले नसेल, सुरक्षित जागी निजलेले असेल, तर कधी कधी आधी थोरल्याला जवळ घ्या. ‘‘बाळ झोपलेय, गप्प बस,’’ ‘‘बाळामुळे जाता येणार नाही,’’ असे प्रत्येक नकाराचे कारण बाळाला करू नका. अकीक्याच्या दिवशी पाहुण्यांना मिठाई देण्याचे काम त्याच्या हाती द्या. अंगावरचे दूध तोडणे, वेगळे निजवणे, बालवाडीत घालणे हे बदल बाळ येण्याच्या बरेच आधी करा किंवा काही महिने पुढे ढकला. दूध तोडण्याचा निर्णय आई-वडिलांनी परस्परसंमतीने व सल्लामसलतीने घ्यावा, असे सूरह अल्-बकराच्या आयत २३३ मध्ये सांगितले आहे. म्हणजे हा प्रश्न एकट्या अम्मीचा नाही. बाळंतिणीच्या चाळीस दिवसांत अब्बूंनी कामावरून आल्यावर पाळण्याकडे जाण्याआधी थोरल्याला उचलून घेतले, तरी घराचे वातावरण बदलते.

एक सावधगिरी मात्र हवी. थोरल्याला बाळाजवळ एकटे सोडू नका. ते मायेनेही बाळाच्या तोंडात बिस्किट कोंबू शकते किंवा चेहऱ्यावर दुपटे ओढू शकते. चिमटा काढला तर हात धरून थांबवा, ‘‘दुखते त्याला’’ एवढेच सांगा. मारू नका, मार खाल्लेल्या मुलाला बाळ आपले वाटत नाही. बहुतेक मुले काही महिन्यांत सावरतात. पण जेवण सुटले, बोलणे बंद झाले, किंवा मूल स्वतःला इजा करू लागले, तर ताविजावर थांबू नका. दुआ करा आणि बालरोगतज्ज्ञांकडेही न्या.

आई-वडिलांच्या पश्चात हीच दोन भावंडे एकमेकांना धरून राहायची आहेत. म्हणून बाळ दाखवायला आलेल्या पाहुण्यांना पाळण्याकडे नेण्याआधी थोरल्याचे नाव घेऊन सांगा, ‘‘हा आमचा पहिला.’’