शांत बेटावर माणूस हवा

‘सहल’ हा शब्द आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात तसा नवाच. आपले आजी-आजोबा प्रवास करीत नव्हते असे नाही. चैत्रात जोतिबाला, मार्गशीर्षात सौंदत्तीला, जमलेच तर आषाढीला पंढरपूरला, आणि मधल्या दिवसांत लग्नाला, बाळंतपणाला, मातीला माणसे जात होती, येत होती. पण प्रत्येक जाण्याला कारण होते. ‘कुठे निघालात?’ या प्रश्नाला ‘कुठे नाही, जरा शांत बसायला’ असे उत्तर कोणी दिले असते, तर विचारणाऱ्याने कपाळाला हात लावून ताप आहे की काय ते पाहिले असते!

आमच्या पिढीपुढे मात्र हा नवा प्रश्न येऊन उभा राहिला आहे : शांत बसायला जायचे कुठे? रविवारच्या पुरवण्या आणि हातातले मोबाइल या प्रश्नाची उत्तरे पुरवायला तत्परच असतात. ‘ग्रीसमधील सात शांत बेटे’, ‘कोकणातील दहा अनोळखी किनारे’ अशा याद्या रोज नजरेखालून जातात. ग्रीसला जाणे आपल्या खिशाला झेपणारे नाही हे उघड आहे. पण शांत जागा निवडायची कशी, हा प्रश्न तिथला आणि इथला एकच आहे. म्हणून थोडे दूर जाऊन मग घराकडे वळावे म्हणते.

ग्रीस देशाच्या पदरात लहानमोठी सुमारे ६,००० बेटे आणि खडक आहेत. त्यांपैकी माणसांची वस्ती सव्वादोनशेच्या आसपास बेटांवर. सँटोरिनी हे त्यांतले सर्वांत नावाजलेले. वस्ती पंधरा-सोळा हजारांची. पण २०२३ साली तिथे आलेल्या पाहुण्यांचा आकडा ३४ लाखांच्या घरात गेला. अखेर २०२५ सालापासून मोठमोठ्या जहाजांतून तिथे उतरणाऱ्या प्रवाशांवर सरकारने जादा कर बसवला. आता याद्या करणारे सांगतात : सँटोरिनी नको, शेजारचे अनाफी पाहा, तिथे अजून कोणी पोचलेले नाही. म्हणजे एका बेटाची शांतता संपली की दुसऱ्याचे नाव जाहीर करायचे! टोळधाडीला पुढच्या शेताचा पत्ता द्यावा, तशातला हा प्रकार.

पण याहून महत्त्वाचा प्रश्न या याद्या विचारीतच नाहीत. ते बेट शांत का आहे? अनाफीवर १९३० नंतरच्या दशकात हुकूमशहा मेटाक्सासच्या राजवटीने राजकीय विरोधकांना हद्दपार करून ठेवले होते. मॅक्रोनिसोस नावाच्या ओसाड बेटावर १९४७ पासून कैद्यांच्या छावण्या होत्या. यारोस बेटावर त्याच काळात, आणि पुन्हा १९६७ साली लष्कराने सत्ता बळकावली तेव्हा, माणसे कोंडली गेली. यानिस रित्सोससारख्या थोर कवीने आयुष्यातली कित्येक वर्षे अशा बेटांवर काढली. तिथे शांतता उदंड होती. पण तिने त्याला विसावा दिला असेल काय? तुर्कस्तानच्या किनाऱ्यासमोरचे कास्तेलोरिझो घ्या. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे हजारो माणसे नांदत होती. युद्धे झाली, पोट भरेना, माणसे ऑस्ट्रेलियाला गेली. आज काही शेकडा उरली आहेत. प्रवाशाला तिथे जी शांतता भेटते, ती निघून गेलेल्या माणसांनी मागे ठेवलेली आहे.

आता आपल्या कोकणाकडे पाहा. घाट उतरून आपण खाली जातो आणि म्हणतो, ‘काय शांत गाव आहे!’ त्या गावात दर दोन घरांआड एका घराला कुलूप असते. आधी मुंबईच्या गिरण्यांनी, नंतर मुंबईच्या दुकानांनी आणि कचेऱ्यांनी तिथली तरणी माणसे नेली. ती चाकरमानी होऊन गणपतीला आणि शिमग्याला येतात, चार दिवस अंगण गजबजते, पुन्हा कुलूप. आपल्याला जी शांतता भावते, ती एखाद्या म्हातारीला खायला उठत असेल. रत्नागिरीत तर ग्रीसच्या बेटांचीच गोष्ट घडली. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला राज्य हिरावून इंग्रजांनी १८८६ साली तिथे आणून ठेवले, ते त्याच भूमीत १९१६ साली त्याचा अंत होईपर्यंत. समोर समुद्र, वर स्वच्छ आकाश, कसला गोंगाट नाही. आज आपण त्याचा राजवाडा पाहतो आणि गच्चीवरून दिसणाऱ्या खाडीचे कौतुक करतो. तेच दृश्य त्याने किती जड मनाने पाहिले असेल!

तात्पर्य, शांतता ही समुद्राच्या वाऱ्यासारखी फुकट वाहणारी वस्तू नव्हे. कोणी निघून गेल्यामुळे ती निर्माण होते, कोणावर ती लादली जाते, आणि कोणी ती पैसे देऊन विकत घेतो. शांत जागा निवडणाऱ्याने एवढे तरी ध्यानात ठेवावे.

यंदा आमच्या वर्गात सहलीचा विषय निघाला तेव्हा हा सगळा विचार करणे मला भाग पडले. नेहमीचे गणपतीपुळे-गोवा नको, एखादे निर्मनुष्य ठिकाण निवडू, असा आमच्या वर्गबंधूंचा आग्रह. कोणी हर्णैच्या समुद्रातला सुवर्णदुर्ग सुचवला, कोणी मुरुडजवळचा पद्मदुर्ग, कोणी निवतीच्या समोरचे वेंगुर्ला रॉक्स. नावे एकाहून एक सुंदर! पण ही नावे मुलींच्या घरी पोचली आणि बहुतेक घरांतून एकच प्रश्न परत आला. आमच्या आईच्या शब्दांत सांगायचे तर, ‘तिथं रातीचं हाक मारली तर ओ द्यायला कोण हाय का?’

हा प्रश्न ऐकून वर्गात हशा पिकला. मला मात्र तो हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. मुलगा एकटा समुद्रकाठी बसला तर तो विचारात गढलेला असतो. मुलगी एकटी बसली तर ‘काय झाले हिला?’ म्हणून चौकशी सुरू होते. आम्हांला गर्दीत जायची मुभा आहे, जत्रेत आहे, लग्नात आहे. शांततेत जायची नाही. आणि शांततेची गरज तर आम्हांलाच अधिक! दोन खोल्यांच्या घरात सहा माणसे असली की पुस्तक घेऊन बसायला कोपरा मिळत नाही. महाविद्यालयाच्या वाचनालयात मिळते तेवढीच शांतता, तीही घंटा होईपर्यंत. अशा मुलीने दोन दिवस समुद्रासमोर काहीही न करता बसावे, ही चैन नव्हे, असे मी ठामपणे म्हणते.

मग वाट कोणती? आईचा प्रश्न धुडकावून ओसाड बेटावर जायचे, की तो मान्य करून पुन्हा गणपतीपुळ्याच्या गर्दीत शिरायचे? माझ्या मते आईच्या प्रश्नातच उत्तर आहे. शांतता दोन प्रकारची असते. एक निर्जन शांतता आणि दुसरी वस्तीची शांतता. जिथे पहाटे होड्या निघतात, दुपारी अंगणात जाळी विणली जातात, संध्याकाळी देवळात दिवा लागतो आणि हाक मारली तर कोणीतरी ओ देतो, तीही शांतताच असते. ती अधिक चांगली, कारण ती कोणाच्या अभावातून आलेली नसते. निवडायची तर ही निवडावी.

या कसोटीला आपली ठिकाणे लावून पाहू. वेंगुर्ला रॉक्स प्रथमच बाजूला ठेवावेत. त्या खडकांतल्या गुहांत पाकोळ्या घरटी करतात, आणि परदेशी सूपासाठी ती घरटी चोरणाऱ्यांचा त्यांना आधीच उपद्रव झालेला आहे. काही शांतता पक्ष्यांच्या मालकीची असते. तिथे आपले काम नाही. सुवर्णदुर्ग आणि पद्मदुर्ग अप्रतिम, पण आत आज वस्ती नाही, आणि होडी भरती-ओहोटीच्या व वाऱ्याच्या मर्जीवर. पन्नास मुलामुलींना घेऊन तिथे अर्धा दिवस जावे, मुक्कामाचा बेत आखू नये.

सिंधुदुर्ग हा मात्र खरा वस्तीचा किल्ला. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवरायांनी त्याचे बांधकाम सुरू केले. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या त्या बेटावर दूधविहीर, दहीविहीर आणि साखरविहीर अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. राजाराम महाराजांनी उभारलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे, आणि काही कुटुंबे आजही तटाच्या आत घर करून आहेत. आपल्या कोल्हापूरशी त्याचे नाते जुने. १७६५ साली इंग्रजांनी तो घेऊन त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव ठेवले, लवकरच तो कोल्हापूरकडे परत आला, आणि १८१२ च्या तहाने कोल्हापूर संस्थानाला तो कायमचा द्यावा लागला. पाहायलाच हवा असा किल्ला. पण नाताळात आणि मे महिन्यात तिथे होडीसाठी रांग लागते. जवळच्या देवबाग-तारकर्लीला तर पाण्यावरच्या यंत्रांचा घरघराट. तिथे जायचे तर आडवारी जावे आणि सकाळची पहिली होडी धरावी.

मुक्कामासाठी मी नाव सुचवते ते विजयदुर्गचे. तो काटेकोर अर्थाने बेट नव्हे हे मला ठाऊक आहे. तीन बाजूंनी पाणी आणि चौथ्या बाजूला एकेकाळी खंदक. पण एस. टी. थेट किल्ल्याच्या पायथ्याशी उतरवते, शेजारीच कोळ्यांचे बंदर आहे, आणि खाडीच्या काठाने गाव नांदते आहे. हा किल्ला शिलाहार राजा दुसरा भोज याने बांधला असे परंपरा सांगते. तोच भोज, ज्याचे नाव आपण पन्हाळ्यावर ऐकतो! १७५६ साली तुळाजी आंग्र्यांचे आरमार याच बंदरात जळाले. इंग्रज आले होते आणि पेशवे त्यांच्या बाजूने होते. आपल्याच माणसांनी आपलेच आरमार बुडवण्याला हात लावला, हा इतिहास त्या तटावर बसून वाचण्यासारखा आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना याहून चांगला वर्ग कोठे मिळणार?

घाई मात्र करायला हवी. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत आपला पन्हाळा आहे. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे समुद्राकाठचे चारही आहेत. अभिमानाची गोष्ट! पण यादी आली की गर्दी येते. पन्हाळ्यावर रविवारी गाड्या लावायला जागा मिळत नाही, हे आपण डोळ्यांनी पाहतो.

यावर कोणी म्हणेल, ‘तुम्हांला शांतता हवी म्हणून त्या गावांनी मागासच राहावे काय?’ प्रश्न रास्त आहे. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला तो तिथल्या मुलांना मुंबई गाठावी लागू नये, याच आशेने. तिथल्या होडीवाल्याला गिऱ्हाईक हवे आहे, खानावळवालीला हवे आहे. ते त्यांना मिळालेच पाहिजे. म्हणून तर मी निर्जन जागा नको म्हणते! निर्जन बेटावर जाणारा प्रवासी आपला डबा, आपली बाटली आणि आपला स्पीकर घेऊन जातो; मागे ठेवतो तो कचरा. वस्तीत उतरणारा प्रवासी कोणाच्या तरी पडवीत झोपतो, कोणाच्या तरी हातचे जेवतो आणि त्याचे दाम देतो. एखाद्या घराचे कुलूप त्यामुळे उघडे राहिले, तर आपली सहल सार्थकी लागली म्हणायची.

तेव्हा सहल ठरवणाऱ्या गुरुजनांना माझ्या चार विनंत्या आहेत. सात ठिकाणी धावण्याऐवजी एका ठिकाणी दोन रात्री राहावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत, सुटी टाळून जावे; पावसाळ्यात होड्या बंदच असतात. लॉज न घेता गावातल्या घरांत निवास-न्याहारीची सोय पाहावी. आणि खास गाडी न करता एस. टी. ने जावे. मार्च २०२३ पासून एस. टी. त स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. ज्या मुलींची नावे पैशांपायी यादीतून गळतात, त्या यामुळे येऊ शकतील.

वर्गबंधूंना विनंती एकच : स्पीकर घरी ठेवावा. समुद्र पुरेसा बोलतो.

आणि पालकांना? तुमचा प्रश्न आम्ही ऐकला आहे. हाकेला ओ देणारे गाव आम्ही शोधले आहे. तिथल्या घरांचे फोन नंबर तुमच्या हाती देऊन आम्ही जाऊ. आता तुम्ही कारण विचारू नका. जोतिबाला जाताना जसे विचारीत नाही, तसेच. तुमच्या मुलीला दोन दिवस समुद्रासमोर शांत बसायचे आहे, एवढे कारण पुरे समजा.