दामाजीची वाट किती पाहायची?

(द्वितीय वर्ष, कला)

हवामान बदलावर आपल्या महाविद्यालयात यंदा बरेच बोलले गेले. भित्तिपत्रक झाले, वक्तृत्व स्पर्धा झाली, निबंध तर किती झाले! ते सारे ऐकल्या-वाचल्यावर माझ्या ध्यानात आले की आपल्याजवळ भविष्याची दोनच चित्रे आहेत. एका चित्रात पृथ्वी होरपळून गेलेली असते आणि शेवटचा माणूस शेवटच्या थेंबासाठी भांडत असतो. दुसऱ्या चित्रात जिकडेतिकडे सौर पट्ट्या, विजेच्या मोटारी आणि काचेचे मनोरे असतात. टाळ्या पहिल्या चित्राला जास्त पडतात. मला दोन्ही चित्रांत एकच उणीव दिसते. त्यांत माझी आई कुठेच नसते.

आई विड्या वळते. वडील टॉवेलच्या यंत्रमागावर आहेत. आमचे घर शहराच्या पूर्व भागात, वर पत्रा. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३ अंशांच्या पुढे सरकतो तेव्हा घरात काय होते, हे पत्र्याखाली राहणाऱ्याला सांगावे लागत नाही आणि न राहणाऱ्याला सांगून कळत नाही. पंखा लावावा तर सुपातली तंबाखू उडते, म्हणून भर दुपारी तो बंद. भिजवून कापलेले पान उन्हाने वाळते आणि वळताना फाटते. पावसाळ्यात याच्या उलट: विडी दमट राहते आणि तपासणीत बाद होते. मजुरी हजारी दराने, म्हणजे जितक्या विड्या तितके पैसे. वडिलांचेही तेच. सूत तुटू नये म्हणून मागाच्या शेडमध्ये वारा फारसा खेळू देत नाहीत. भोवळ आली म्हणून माणूस तासभर बाहेर बसला, की तेवढे टॉवेल कमी आणि तेवढे पैसे कमी. २०१५ साली पॅरिस येथे साऱ्या देशांनी तापमानवाढ दीड अंशाच्या आत ठेवण्यासाठी झटण्याचे ठरविले. आणि २०२४ हे ती रेषा ओलांडणारे पहिले वर्ष ठरले, असे जागतिक हवामान संघटनेने जाहीर केले. या दीड अंशाचा हिशेब जगात कशात होत असेल तो होवो. आमच्या घरात तो रुपयांत होतो.

सोलापूरच्या तरुणांपुढे भविष्याचे एक तिसरे चित्रही असते, पण ते कुणी निबंधात लिहीत नाही. ते म्हणजे पुण्याची गाडी. पदवी घ्यायची आणि निघायचे. मलाही घरातून-दारातून हाच सल्ला मिळतो, आणि देणाऱ्यांच्या मनात माया असते हे मी जाणते. गेलेल्यांना मी नावे ठेवीत नाही. आमच्या गल्लीतली कितीतरी घरे त्यांनी पाठविलेल्या पैशांवर चालतात. परंतु जिथून निघून जाणे हीच ज्या गावची आशा, त्या गावच्या उद्याची कल्पना करायला मागे उरतो कोण?

माझी आजी मंगळवेढे तालुक्यातली. बाहत्तरच्या दुष्काळाच्या वेळी तिचे लग्न नुकतेच झाले होते. ती दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. सुकडी आणि तांबडी मिलो यांची नावे काढली की तिचा चेहरा आजही बदलतो. १९७३च्या मे महिन्यात महाराष्ट्रभर अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. आजीला हा आकडा ठाऊक नाही. तिला आठवते ती कामावर जमलेली गर्दी, आणि आपल्या हातचा पहिला रोख पगार. "भीक नव्हती गं ती, काम होतं," असे ती अजून बजावून सांगते.

आजीच्या या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. मंगळवेढे म्हटले की आपल्याला दामाजीपंत आठवतात. दुष्काळात त्यांनी बिदरच्या बादशहाची धान्याची कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली, आणि शिक्षेची वेळ आली तेव्हा प्रत्यक्ष विठोबाने विठू महार होऊन रक्कम चुकती केली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. कथा थोर आहे. पण तिच्यात लोक करतात काय? ते वाट पाहतात. एक सज्जन अधिकारी निघाला म्हणून ते जगले. तो निघाला नसता तर?

बाहत्तरमध्ये वेगळे घडले. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या मनात आधीपासून एक कल्पना घोळत होती: खेड्यातल्या माणसाने काम मागितले तर ते देणे सरकारला बंधनकारक असावे. १९६५च्या सुमारास सांगली जिल्ह्यातील तासगाव भागात तिचा छोटा प्रयोग झाला होता. दुष्काळाने ती राज्यभर नेली. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पुढे २००५ साली साऱ्या देशासाठी तशाच हमीचा कायदा झाला. योजनेत पुढे किती भ्रष्टाचार शिरला, किती हजेरीपटांवर मेलेल्यांची नावे आली, ते मला माहीत नाही असे नाही. तरीही इतिहासात एवढी गोष्ट घडून गेली की, जी दया होती तिचा हक्क झाला. आणि तो घडला तो सुबत्तेच्या काळात नव्हे, सर्वांत वाईट दिवसांत.

या हक्काचा खर्च कोणी उचलला हेही पाहण्यासारखे आहे. त्यासाठी १९७५ साली शहरातल्या पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसविण्यात आला. आमच्या गुरुजनांच्या पगारातून आजही दरमहा दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे कापले जातात, तो हाच. (कापले जाताना त्यांना काय वाटते हे विचारण्याचे धाडस मी केलेले नाही.) सावलीत बसणाऱ्याने उन्हातल्या माणसाच्या मजुरीला हातभार लावायचा, हा विचार कुणा परदेशी पुस्तकातून आलेला नाही. तो इथल्या दुष्काळात सुचला.

आता माझे म्हणणे सांगते. उन्हालाही अशीच हमी का नसावी? पारा एका ठरावीक अंशाच्या वर गेला की दुपारचे काम थांबेल, मजुरी थांबणार नाही. यंत्रमागावर, विटभट्टीवर, बांधकामावर, आणि घरी सूप मांडीवर घेऊन बसणाऱ्या बाईलाही. अहमदाबादेत मे २०१० मध्ये उष्णतेची भयंकर लाट आली, पुष्कळ माणसे दगावली. त्यानंतर तेथील महापालिकेने २०१३ साली उष्णतेशी तोंड देण्याचा आराखडा तयार केला. आधी इशारा द्यायचा, दवाखाने सज्ज ठेवायचे, पुढे गरिबांच्या छपरांना पांढरा रंग द्यायचा, असे त्याचे स्वरूप. हे सर्व चांगलेच आहे. पण इशारा ऐकून घरी बसायचे तर चूल कशी पेटायची, हा प्रश्न त्याने सुटत नाही. आमच्या घरात उन्हाचा इशारा मोबाईलवर येतो. आई तो वाचायला लावते, "बरं" म्हणते आणि पुढची विडी वळते.

यावर मालक म्हणतील की अशाने धंदा दुसऱ्या गावी जाईल. त्यांचे म्हणणे मला खोटे वाटत नाही. सोलापूरने एकेक करून गिरण्या बंद पडलेल्या पाहिल्या आहेत. म्हणूनच एका गावापुरती हमी चालणार नाही, ती सबंध राज्याला लागू हवी, रोजगार हमी होती तशी. आणि पैसा? ज्यांच्या खोलीत वातानुकूलन यंत्र आहे त्यांनी थोडा द्यावा. काही मित्र म्हणतील, ही कविकल्पना झाली. होय, आहे. काम मागण्याचा हक्क हीदेखील १९६५ साली कविकल्पनाच होती. आपल्या कुंभारीला जाऊन पाहा: महिला विडी कामगारांनी पक्क्या घरांची मागणी केली तेव्हा ती कुणाला खरी वाटली असेल? २००६ साली तिथे गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. जानेवारी २०२४ मध्ये रे नगरच्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. आशा ही चीज मला तिथे दिसते. हप्त्याने भरलेली, मोर्चात चाललेली.

पाण्याविषयी लिहायला मला थोडी भीती वाटते, कारण वर्गातल्या निम्म्या मित्रांच्या घरी ऊस आहे. साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात तिसाहून अधिक साखर कारखाने आहेत. उजनीत ११७ टीएमसी पाणी मावते, तरी २०२४च्या उन्हाळ्यात तिचा साठा 'उणे'मध्ये खोल गेला होता. 'उणे साठा' हा शब्द आपल्याला इतका सवयीचा झाला आहे की त्यातली भीषणता कुणाला टोचत नाही. शून्याच्या खाली जाऊन आपण पाणी वापरतो! मित्रांच्या वडिलांना मी दोष देत नाही. उसाला दराची आणि कारखान्याची खात्री आहे, ज्वारीला ती नाही. आमच्या मालदांडीचे गुण काय थोडे आहेत? पाऊस सरल्यावर काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती वाढते. १९३०च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेले मालदांडी ३५-१ हे वाण अजून शेतात आहे, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. मानांकन मिळाले, उसासारखी खात्री मिळाली नाही.

पाण्याच्या वाटपाचेही एक उत्तर याच मुलखाने, याच दुष्काळानंतर शोधले होते. पुण्याचे एक अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे यांनी १९७४ साली पुरंदर तालुक्यातल्या नायगावला पाणी पंचायत सुरू केली. पाणी जमिनीच्या एकरांवर वाटायचे नाही, घरातल्या माणसांच्या डोक्यांवर वाटायचे, भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला बंदी. इतके साधे नियम. उजनीचे पाणी जर असे डोक्यांवर वाटले तर आमच्या आठ बाय दहाच्या खोलीतल्या पाच डोक्यांनाही त्यात वाटा असेल, हा विचार मनात आला की मला गंमतही वाटते आणि थोडा रागही येतो. लहानपणापासून आम्ही नळाला चार-चार दिवसांनी पाणी आलेले पाहिले आहे.

आणि आता संकट एकट्या दुष्काळाचे राहिलेले नाही. जी सीना उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत असते, तिला सप्टेंबर २०२५ मध्ये असा पूर आला की माढा-मोहोळकडची गावे पाण्यात गेली आणि लांबोटीजवळ पुण्याचा महामार्ग बंद पडला. आपल्या महाविद्यालयाने कपडे आणि धान्य गोळा केले, मीही पोती शिवली. ते करायलाच हवे होते. पण पोती शिवताना मला सारखे वाटत होते की हे दामाजीचेच काम आपण करीत आहोत, आणि कोठारे खुली करून आपण घरी गेल्यावर त्या गावांच्या हाती काय उरते? पुढच्या पुराआधी त्यांना कोणता हक्क सांगता येईल?

एक गोष्ट मात्र खटकते. उन्हाची हमी मागायची तर ऊन किती हे आधी दाखवावे लागेल. वर्तमानपत्रात येणारा पारा मोकळ्या जागी, सावलीत ठेवलेल्या तापमापकाचा असतो. पत्र्याखालचा, मागाच्या शेडमधला पारा मोजलेला मला तरी कुठे सापडला नाही. आजीचे माहेरचे घर माळवदाचे होते, ते उन्हाळ्यात गार असे, असे ती सांगते. किती गार? तेही कुणी मोजलेले नाही. भूगोल विभागात दोन तापमापके आहेत आणि सर ती द्यायला तयार आहेत. आणखी आठ वर्गणीतून घेता येतील. पत्रा, स्लॅब, माळवद अशी दहा घरे निवडून १ एप्रिल ते ३१ मे रोज तीन वेळा नोंद करायची आहे. ज्यांच्या घरी हे जमेल त्यांनी वार्षिक परीक्षेपूर्वी आपले नाव माझ्याकडे द्यावे. पत्र्याच्या घरांची नावे आधी घेऊ.