दिग्दर्शनाची पोथी

सिनेमा पुस्तकातून शिकता येतो का, असे विचारणाऱ्याला मी आधी दादासाहेब फाळक्यांचे नाव सांगतो. हेपवर्थ नावाच्या इंग्रज गृहस्थाचे चलच्चित्रांवरचे प्राथमिक पुस्तक त्यांनी मिळवून वाचले, १९१२ साली विलायतेला जाऊन कॅमेरा आणला, आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. अर्थात नुसत्या पुस्तकाने फाळके झाले असे नव्हे. छायाचित्रण, छपाई, जादूचे प्रयोग, असे बरेच काही त्यांच्या हाताखालून गेलेले होते.

हे आठवायला निमित्त झाला आमचा भाचा. बी.कॉम.चे शेवटचे वर्ष सोडून त्याला एका खाजगी संस्थेत दिग्दर्शन शिकायचे आहे. फीचा आकडा ऐकून आमची अक्का आपल्या हातातल्या पाटल्यांकडे पाहू लागली.

“मामा, तुम्हीच सांगा ना आईला!”

“सांगतो. आधी परीक्षा दे. तोवर दोन पुस्तकं घेऊन बस. मग पाटल्यांचं बघू.”

आता कोणती दोन? दुकानातल्या फळीवर कॅमेऱ्याची बटणे समजावणारी पुस्तके पुष्कळ. ती घेऊ नयेत. यंत्र बदलले की पुस्तक रद्दीत. माझी कसोटी सोपी आहे. ‘काल्पनिक रेषे’चे प्रकरण उघडावे. टेबलाच्या दोन बाजूंना बापलेक भांडत बसले आहेत. त्यांच्या नजरा जोडणारी एक रेषा कल्पावी आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवावा. मुलाच्या दृश्यासाठी तो रेषा ओलांडून गेला, तर पडद्यावर दोघेही एकाच दिशेला पाहू लागतात, आणि दोघे मिळून शेजाऱ्याशी भांडताहेत असे वाटते! एवढी गोष्ट जे पुस्तक चित्र काढून समजावते, ते खुशाल विकत घ्यावे.

या कसोटीला जोसेफ मॅसेली यांचे ‘द फाइव्ह सीज ऑफ सिनेमॅटोग्राफी’ उतरते. पुस्तक १९६५चे, पण कॅमेऱ्याचे कोन, सातत्य, संकलन, समीपदृश्य आणि रचना ही त्यातली पाच प्रकरणे मोबाईलवर चित्रण करणाऱ्यालाही लागू पडतात. डॅनियल अरिहॉन यांच्या १९७६च्या ग्रंथात रेखाकृतींची रेलचेल आहे. मात्र तो सलग वाचायला घेतला तर झोप उत्तम लागते. तो अडल्या वेळी उघडण्याचा.

म्हणून दुसरे पुस्तक मी सुचवले ते सिडनी ल्युमेट यांचे ‘मेकिंग मूव्हीज’ (१९९५). ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ हा त्यांचा १९५७चा बोलपट. ‘एक रुका हुआ फैसला’ ज्यावरून निघाला तो. बारा ज्यूरी, एक खोली. ल्युमेट सांगतात, की पहिला तृतीयांश भाग त्यांनी डोळ्यांच्या पातळीच्या वरून घेतला, दुसरा पातळीवरून आणि शेवटचा खालून. भिंगेही हळूहळू अधिक लांब पल्ल्याची वापरली. त्यामुळे भिंती जवळ सरकतात, अखेरीस छतही दिसू लागते आणि आपला जीव कोंडतो. हे वाचून तो चित्रपट पुन्हा पाहावा, तोही आवाज बंद करून.

सत्यजित रायांचे ‘अवर फिल्म्स, देअर फिल्म्स’ही घरात असावे, पण ती शिकवणी नव्हे, सत्संग आहे. पुदोव्हकिन आणि आयझेनस्टाइन यांना मात्र पहिल्या वर्षी हात लावू नये. घरातलाच दोन मिनिटांचा एखादा प्रसंग चित्रित करावा, कापून जोडावा, तो का जुळत नाही म्हणून चार रात्री डोके धरून बसावे, आणि मग पुदोव्हकिन उघडावा.